डिझेलवाल्याचा कान

आता कुणी माझ्यासमोर गाडी उभी करून "काका, जरा ऐक, आवाज कसला येतोय" म्हटलं, की मी आधी बसायला स्टूल ओढतो. पाय दुखतात म्हणून नव्हे. ऐकण्याचाच कंटाळा आलाय. जन्मभर या कानावर पोट भरलं आणि त्याच कानानं शेवटी माझ्या पोरीचं नुकसान केलं. ते सांगायला बसलोय. लिहिणं हा माझा धंदा नाही, तेव्हा चुकलं तर चुकलं.

डिचोलीत पंचवीस वर्षं मी खाणीच्या ट्रकांची इंजिनं केली. सगळी डिझेल. डिझेलचं इंजिन ठोकतच असतं, टकटक हा त्याचा रोजचा आवाज. ती टकटक थांबली की आम्ही घाबरायचो. आणि धूर काळा आला की समजायचं, डिझेल जास्त पडतंय, आता इंजिन तापणार. पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल कमी केलं की धूर गेला, ताप गेला, ट्रक परत खाणीवर. रस्त्याच्या कडेच्या घरांतल्या बायका वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसली म्हणून ट्रकवाल्याच्या सात पिढ्या उद्धरायच्या आणि ट्रकवाला येऊन माझ्या उद्धरायचा. त्यामुळे काळा धूर दिसला की माझा हात आपोआप स्क्रूड्रायव्हरकडे जायचा. विचार करायला लागायचा नाही.

मग खाणी बंद पडल्या. ट्रक घरांसमोर उभे राहिले, त्यांच्या चाकांतून रान वाढलं. आता म्हणे थोडं थोडं परत सुरू झालंय. असेल. माझ्यात पुन्हा ट्रकाखाली झोपायची ताकद उरली नाही. बायकोचं माहेर पेडण्याचं, तिच्या भावानं मोरजीच्या वाटेवर जागा दिली, तिथं पत्र्याची शेड घातली. भाड्याच्या स्कूटर दुरुस्त करतो. लोक त्या समुद्रात घालतात, वाळूत घालतात, आणि आणून देताना म्हणतात आपोआप बंद पडली. अडला हरी गाढवाचे पाय धरी, दुसरं काय.

मुलगी एकच. इंजिनाचं वेड तिला माझ्याकडूनच आलं, हे मी मिरवत असे. शिकली, पुण्याला एका कंपनीत लागली. तिथं बंद खोलीत इंजिनं चालवून त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये आकडे बसवायचं काम. चार वर्षं केलं आणि एक दिवस फोनवर म्हणाली, "पप्पा, मी महिनाभर रजा घेऊन येते. शेडमध्ये एक गाडी करून बघते. बरी झाली तर नोकरी सोडते, आपण दोघं मिळून करूया. नाही झाली तर परत जाते."

गाडी मोरजीच्या एका पोरग्याची होती. पोरगा म्हणजे तीस-बत्तीसचा बाप्या. त्याचं खोल्या भाड्यानं द्यायचं चालतं, आणि माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या स्कूटर त्याच्याच. त्याला गाडी पळवायची हौस. पेट्रोलची टर्बो गाडी घेतली होती आणि कुणाचं तरी ऐकून तिला मोठे इंजेक्टर घालून आणले होते. इंजेक्टर म्हणजे इंजिनात पेट्रोलचा फवारा मारणारी तोटी. ही मोठी तोटी घातली, पण गाडीच्या कॉम्प्युटरला कुणी सांगितलंच नाही. तो बापडा जुन्याच सवयीनं तोटी तेवढाच वेळ उघडी ठेवतो आणि पेट्रोल पडतं दीडपट. चिमटीनं मीठ घालणाऱ्या बाईच्या हातात कुलेर, म्हणजे मोठा चमचा, दिला तर आमटीचं जे होईल तेच त्या इंजिनाचं झालं होतं. उभ्या जागी खोकायचं, पेट्रोलचा वास मारायचा, प्लग काळे व्हायचे.

"ही गाडी मी करते," मुलगी म्हणाली. तो म्हणाला, "कर गो. बरी केलीस तर माझे चार मित्र आसात, त्यांच्याय गाड्या हाडटां." त्या चार गाड्यांवर तिचा सगळा बेत उभा होता. माझाही. मी तिला सांगितलं नाही, पण ती घरी राहावी म्हणून मी देवाला गाऱ्हाणं घालून आलो होतो. बायकोनं तर मागची खोली झाडून जनेलाला नवा पडदासुद्धा लावला. "ती रवतली काय हो?" असं मला दिवसातून दोनदा विचारायची. मी म्हणायचो, गाडी होऊ दे.

काम कसं, तर गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये एक तक्ता असतो, शाळेच्या पाढ्यासारखा. आडवा इंजिनाचा वेग, उभं इंजिनावरचं ओझं, आणि प्रत्येक चौकोनात एक आकडा. आकडा वाढवला की पेट्रोल जास्त, कमी केला की कमी. सायलेन्सरच्या पाइपात एक सेन्सर बसवला होता. एक भाग पेट्रोलला किती भाग हवा जळतेय तो आकडा तो लॅपटॉपवर दाखवायचा. पेट्रोल कमी म्हणजे लीन, जास्त म्हणजे रिच, एवढे दोन शब्द मी शिकलो. तिनं आधी तोटीचं नवं माप कॉम्प्युटरला सांगितलं. मग दोन दिवस उभ्या गाडीवरच गेले, कारण मोठी तोटी अगदी थोडा वेळ उघडायची म्हटली की नीट उघडत नाही, तिथं ती अडखळते. तिसऱ्या दिवशी गाडी शांतपणे उभी राहून चालायला लागली. मी चहाचा ग्लास बॉनेटवर ठेवून बघितला, चहा हलला नाही.

मग रस्त्यावर. सकाळी उजाडल्या उजाडल्या आम्ही सड्यावर, वरच्या खडकाळ माळावर, जायचो, तिथं तेव्हा गुरांशिवाय कुणी नसतं. ती चालवायची आणि मी बाजूला मांडीवर लॅपटॉप घेऊन आकडे वाचायचो. चष्मा नाकावरून घसरायचा. "बारा. साडेअकरा. साडेअकरा. अकरा." ती म्हणायची, "जोरात वाच, पप्पा." गाडी थांबवायची, दोन चौकोन बदलायची, परत तोच चढ. दहा-दहा वेळा तोच चढ. घरी येईपर्यंत माझी कंबर मोडायची. पण खरं सांगतो, खाणी बंद पडल्यापासून इतका खुश मी नव्हतो.

एकदा पूर्ण पाय दिल्यावर मागून काळं फुसकन आलं तशी मी म्हटलं, "अगो, डिझेल कमी कर." ती हसली. "डिझेल नाही, पेट्रोल. आणि इथं उलटं आहे, पप्पा. ट्रकात जास्त पडलं की तापतं. हिच्यात टर्बोनं हवा कोंबली आणि पेट्रोल कमी पडलं तर तापतं. जास्तीचं पेट्रोल आत गारवा धरतं. थोडा धूर आला तरी चालेल, लीन झालेली चालायची नाही." मी म्हटलं, समजलं. आणि समजलंही होतं. डोक्याला समजलं होतं. हाताला कुणी सांगितलं नव्हतं.

नवव्या दिवशी शुक्रवार आला. मायलेकी म्हापशाच्या बाजाराला गेल्या. जाताना ती म्हणाली, "वरचे चौकोन मी मुद्दाम रिच ठेवलेत. फाल्यां थोडे थोडे उतरवू. आज गाडी राहू दे." लॅपटॉप मेजावर ठेवून गेली. तो उचलून का ठेवील? बाप होता ना शेडमध्ये.

अकराच्या सुमारास मोरजीचा तो आला. गाडी बघायची म्हणाला. मी म्हटलं, बघ. रस्त्यावर एक फेरी मारून आला, शेडसमोर पाय दाबला, आणि मागून काळा ढग आला. उतरून हसत म्हणाला, "काका, माझ्या गाडीचा ट्रक केलास काय रे?"

त्याच्या मनात काही नव्हतं, थट्टा केली. पण मला ते लागलं. पंचवीस वर्षांत धूर मारणारा ट्रक मी गेटाबाहेर सोडला नव्हता, आणि आता कालचा पोर मला ट्रक शिकवतो. त्याला फोन आला, तो बोलत रस्त्याच्या कडेला गेला. मी लॅपटॉप उघडून वायर गाडीला जोडली. एक चौकोन कसा उतरवायचा ते तिनंच दाखवलं होतं. मी वरचे सगळे चौकोन एकदम धरले आणि खालचा बाण दाबला. किती वेळा दाबला ते माहीत नाही. पंपाचा स्क्रूही मी कधी मोजून फिरवला नव्हता, धूर जाईपर्यंत फिरवायचा एवढंच ठाऊक. मग वायर काढून लॅपटॉप मिटून मेजावर ठेवला आणि त्याला हाक मारली. "चल, आता बघ. जरा सेटिंग केलंय."

आकडे दाखवणारा लॅपटॉप शेडमध्ये राहिला आणि आम्ही दोघं सड्यावर गेलो. धूर नाही. टिपूससुद्धा नाही. आणि गाडी आधीपेक्षा पळायला लागली. लीन केलं की थोडा वेळ ताकद वाढते, हे मला नंतर कळलं. तो खुश, मी त्याच्याहून खुश. दुसऱ्या फेरीला चढावर बारीक टकटक सुरू झाली. मी ती ऐकली. माझ्यासारख्याला ऐकू येणार नाही असं होईल का? मी त्याला म्हटलंसुद्धा, "ऐक, आता कसं खणखणीत चाललंय." पेट्रोलच्या इंजिनात ती टकटक म्हणजे आत स्फोट भलत्या वेळी होतायत, पाय काढ, थांब. कुठल्याही पेट्रोलवाल्यानं तिथंच गाडी उभी केली असती. मला ती टकटक ओळखीची वाटली. डिचोलीतल्या सगळ्या बऱ्या इंजिनांचा आवाज तोच होता.

तिसऱ्या चढावर आवाज फाटला. ताकद गेली, मागून निळसर पांढरा धूर आणि जळक्या ऑइलचा वास. त्यानं गाडी कडेला घेतली आणि माझ्याकडे बघितलं. "कितें जालें, काका?" मी म्हटलं, "उघडून बघूया." काय झालं ते मला तेव्हाच कळलं होतं.

पिकअपला दोर बांधून गाडी शेडमध्ये आणली, तो घरी गेला. दुपारी मुलगी आली तेव्हा मी इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उतरवून बसलो होतो. तीन नंबरचा पिस्टन कडेला वितळून खाली गेला होता. तिनं बाजाराची पिशवी खाली ठेवली, वाकून बघितलं, मग लॅपटॉप उघडला. तिचा सकाळचा तक्ता तिनं वेगळा ठेवला होताच. दोन्ही तक्ते शेजारी शेजारी लावले.

"तू उतरवलंस?"

"होय. धूर मारत होती."

"टकटक आली असेल ना रे पप्पा. तुला ऐकू नाही आली?"

"आली. मला वाटलं, बरी चाललीय."

ती स्टुलावर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. थोड्या वेळानं उठून पिशवीतली मासळी आईकडे देऊन आली आणि माझ्या शेजारी पाना घेऊन बसली.

दुसऱ्या दिवशी तो आला. मी रात्रभर शब्द जुळवत होतो. तो आत पाऊल टाकतोय तोच ती पुढे झाली. "चूक माझी आहे. काल पप्पांनी मला म्हापशाला फोन केला, धूर येतोय म्हणून. मी बाजाराच्या गडबडीत आकडे सांगितले ते उलटे सांगितले. त्यांनी बिचाऱ्यांनी मी सांगितलं तसं केलं. इंजिन मी करून देते." त्यानं माझ्याकडे बघितलं. मी हातातलं फडकं घडी करत होतो. तोंड उघडायला तिनं मला भरपूर वेळ दिला होता, किंवा मला तसं वाटतं. फडक्याची घडी झाली, ती मोडली, पुन्हा घातली.

मी भ्यालो. दुसरं कारण शोधून काढायला गेलो तर ते खोटं होईल.

तिनं रजा वाढवली. पिस्टन आला, आम्ही दोघांनी इंजिन बांधलं, तिनं पुन्हा पहिल्या चौकोनापासून सुरुवात केली. या वेळीही आकडे वाचायला मीच बसलो, पण ती "जोरात वाच" म्हणाली नाही. मी पुटपुटायचो, तेवढ्यावर ती भागवायची. गाडी अशी झाली की काय सांगू. चढावर पूर्ण पाय दिला तरी मेणासारखी. त्यानं गाडी नेली, आभारही मानले. पण चार मित्रांतला एकही आला नाही. चहाच्या गाड्यावर बोलणं माझ्या कानावर यायचंच. "पुण्याहून शिकून आयली आणि इंजिन जाळलां." "चेडवांचां काम न्हय तां," पोरींचं काम नव्हे म्हणे. मी तिथं बसून पोईचा पाव चहात बुडवून खात होतो. एक जण मला म्हणाला, "तू तरी बघूक होया होतास, तुझो हात इतक्या वर्सांचो." मी मान हलवली. घरी बायको तेच म्हणाली, पोरीला एकटीला करू द्यायला नको होतं. तिथंही मी मान हलवली. माझीच मला शिसारी आली, पण मान हलवणं काही थांबलं नाही.

ती पुण्याला परत गेली. जाताना मेजावरची आपली वायर, सेन्सर सगळं गुंडाळून पिशवीत घातलं. मी म्हटलं, "ठेव की इथं. परत येशील तेव्हा." ती म्हणाली, "तिथं लागतं रे."

त्यानंतर सात-आठ महिने गेले. स्कूटर येत होत्या, मी करत होतो. तो मोरजीचा दर आठवड्याला यायचा, माझ्याशी आधीपेक्षाही बरा वागायचा, आणि त्यानं "काका" म्हटलं की मी खाली वाकून स्कूटरचं चाक तपासायला लागायचो. एका दुपारी मी स्कूटरखालून उठलो आणि त्याला सरळ सांगून टाकलं. फोन झाला नव्हता. तिनं काही सांगितलं नव्हतं. मी माझ्या मनानं उतरवलं, टकटक ऐकली आणि बरी म्हटलं. इंजिन मी जाळलं.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, तिणें स्वता कबूल केलां. तू बापूस, तुका वायट दिसता तें समजता हांव. पूण तिचें खापर आपल्या माथ्यार घेऊं नाका. हांव कोणाक सांगचो ना." आणि हसून, स्कूटर घेऊन गेला. वरातीमागून घोडं म्हणतात ते हे. आठ महिन्यांपूर्वी एका वाक्यात झालं असतं, आता शपथ घातली तरी खरं ठरणार नव्हतं.

रविवारी फोन आला तेव्हा मी तिला सांगितलं, की मी त्याला खरं सांगायला गेलो होतो.

ती एकदम म्हणाली, "कशाला? काय म्हणाला तो?"

"मानायलाच तयार नाही. म्हणतो, पोरीसाठी खोटं बोलतोस."

पलीकडून तिनं सोडलेला श्वास मला ऐकू आला. "बरं झालं," ती म्हणाली. "पप्पा, काकानं इंजिन जाळलं असं मोरजीत एकदा झालं असतं ना, तर तुझ्या शेडकडे कुणी सायकलसुद्धा आणली नसती. मला परत जायला पुणं होतं. तुला कुठे होतं?"

मग मी विचारलं, जे तेव्हाच विचारायला हवं होतं. "तुला राहायचं होतं ना गो इथं?"

"होतं," ती म्हणाली. "आईला दे फोन."